स्क्रीनवरचं इमल्शन काढताना

लग्नसराई संपली की स्क्रीन प्रिंटिंगच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुन्या फ्रेमची चळत लागते. जाळी फाटलेली नसेल आणि ताण शाबूत असेल, तर ती फ्रेम पुन्हा वापरता येते. त्यासाठी जाळीवरचं इमल्शन, म्हणजे डिझाइनचा साचा बनवणारा थर, रिमूव्हर नावाच्या रसायनाने काढावा लागतो.

आधी शाई पूर्ण काढा, कडेला चिकट टेपखाली दडलेलीसुद्धा. शाई राहिली तर रिमूव्हर इमल्शनपर्यंत पोचतच नाही आणि आपण उगाच घासत बसतो. तेलकट थिनर वापरला असेल तर साबणाच्या पाण्याने तोही धुऊन टाका.

आता जाळी ओली करून सोडियम मेटापरआयोडेटचा रिमूव्हर दोन्ही बाजूंनी लावा. एक-दोन मिनिटांत इमल्शन मऊ पडून ओघळायला लागतं. नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासा, मग पाण्याचा जोरदार फवारा मारा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा: रिमूव्हर जाळीवर वाळू देऊ नका. वाळला की इमल्शन असं घट्ट बसतं की पुढे कशालाच दाद देत नाही. मग नवी जाळी ताणण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून एका वेळी एकच फ्रेम घ्या, तीही सावलीत.

काही जण स्वस्तात पडतं म्हणून ब्लीच वापरतात. काम होतं, पण ते ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. हातमोजे आणि चष्मा दोन्ही पद्धतींत हवेतच.

धुतलेली जाळी उजेडासमोर धरून बघा. आधीच्या डिझाइनची फिकट छाया दिसली तरी भोकं मोकळी असतील तर छपाईला सहसा अडचण येत नाही. भोकं बुजलेली दिसली तरच हेझ रिमूव्हर, म्हणजे उरलेले डाग काढणारं रसायन, वापरा. तो जहाल असतो, जाळीचं आयुष्य कमी करतो.