वाड्याचा वारसा दर्जा ठरवताना: नाशिकच्या गावठाणात पहिल्यांदा पाहणी करणाऱ्यांसाठी

वाडा किती वर्षांचा आणि तो पडेल का, या दोन प्रश्नांत नवखा पाहणीकार बहुधा अडकतो. वारसा यादीसाठी त्याआधी तिसरा प्रश्न येतो: या वाड्याचे मोल नेमके कशात आहे? ते एका वाक्यात लिहून पाहावे. ‘जुना, सुंदर सागवानी वाडा’ हे वाक्य सराफ बाजारापासून भद्रकालीपर्यंत कुठल्याही दारावर चिकटवता येईल. ‘तीर्थोपाध्यायांचे घर, यात्रेकरूंची ओसरी आणि वंशावळीच्या वह्यांची खोली मूळ जागी शाबूत’ असे लिहिले की काय मोजायचे आणि काय जपायचे, दोन्ही कळते.

आधी कागद गोळा करा. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशाची नक्कल, महापालिकेकडून घरपट्टीचा उतारा, घरमालकाकडून खरेदीखते. मालमत्ता पत्रकावर बांधकामाचे वर्ष मिळेल अशी आशा ठेवू नका. तिथे धारक, क्षेत्र आणि फेरफार कळतात. खरेदीखतातली चतुःसीमा जास्त बोलते: शेजारी कोण होते, बोळ कुठून जात होता, सामायिक भिंत कोणती. जुने दस्त मोडीत असतील तर जाणकाराकडूनच वाचून घ्या, अंदाजाने नको.

वय ठरवताना सर्वांत जास्त फसवते ते छप्पर. मंगलोरी कौलावरचा छाप वाचता येतो. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 चा, म्हणजे तो छाप असलेले कौल त्याआधीचे नाही. पण हे वय कौलाचे झाले, वाड्याचे नव्हे. माळवद (मातीचे सपाट छप्पर) काढून किंवा जुनी नळीची कौले उतरवून नंतर मंगलोरी चढवलेले वाडे पुष्कळ आहेत. लोखंडी गर्डरवर टाटांचे नाव दिसले तर तो 1912 नंतरचा. तिथे बहुधा कुजलेली तुळई बदललेली असते. खांबांचे उलटे कोडे असते. सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब आणि केळफुलांचे हात, म्हणजे खांबावरचे कोरीव आधार, दुसऱ्या मोडलेल्या वाड्यातून आणून बसवलेले असू शकतात. रिकामी, निरुपयोगी खाच, उथळ्यापेक्षा (खांबाखालच्या दगडी बैठकीपेक्षा) जाड किंवा बारीक बुंधा, अर्ध्यात तुटलेली नक्षी दिसली की शंका घ्यावी. म्हणून एकच साल लिहू नका. जोते, खांब, मजला, छप्पर यांचे टप्पे वेगळे लिहा आणि प्रत्येकापुढे पुरावा लिहा.

मोजणीला दोघे तरी हवेत. 30 मीटरचा टेप, ओळंबा, टॉर्च, पेचकस एवढे पुरते. चौक काटकोनात आहे असे कधीही धरू नका. दोन्ही कर्ण मोजा. खण, म्हणजे दोन खांबांमधला गाळा, मोजताना खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर घ्या. प्रत्येक फोटोला खोलीचा क्रमांक आणि नकाशावर दिशेचा बाण द्या, नाहीतर घरी आल्यावर सगळ्या तक्तपोश्या (लाकडी छते) सारख्याच दिसतात. खांब उथळ्याला टेकतो तिथे पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर कूज आहे. तुळईची टोके भिंतीत शिरतात तीही जागा तशीच तपासा.

तिथे बहुतेक वेळा सिमेंट गुन्हेगार निघते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते आणि तुळईचे टोक आतून कुजवते, बाहेरून भिंत मात्र ठणठणीत दिसते. शेजारचा वाडा पाडला असेल तर सामायिक भिंत उघडी पडते आणि पावसाळ्यात फुगते. नदीकाठी 1969 आणि 2008 च्या पुरांच्या खुणा शोधा. भिंतीचा खालचा भाग नव्या विटांचा आणि वरचा मातीचा असेल, तर कारण बहुधा तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचे: ‘धोकादायक इमारत’ ही नोटीस आणि वारसा मूल्य यांचा हिशोब वेगवेगळा ठेवा. नोटीस आजच्या अवस्थेबद्दल बोलते. अहवालात मूल्य, मूळपणा आणि अवस्था ही तीन प्रकरणे स्वतंत्र हवीत. एकत्र केली की वाकलेला खांब बघून अख्ख्या वाड्याचे मोल कमी लिहिले जाते. खांब आधाराने सावरता येतो. उलट सगळे खांब नवे, दर्शनी भाग तेवढा जुना, अशा ठणठणीत वाड्याला फुगवून श्रेणी देणेही चूकच.

श्रेणी सुचवताना हात आखडता ठेवा. पहिली श्रेणी राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची, दुसरी प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाची, तिसरी रस्त्याच्या आणि वस्तीच्या रूपात भर घालणाऱ्यांची. गल्लीतले बरेच वाडे तिसरीत बसतात, त्यात कमीपणा नाही. तिथे आतले बदल आणि नवा वापर सहसा करता येतो. घरमालकाला हे पहिल्याच भेटीत सांगा. ‘यादीत गेले की खिळाही ठोकता येणार नाही’ या समजुतीने दार बंद होते. सरकारवाड्यासारखे राज्य संरक्षित स्मारक वेगळ्या कायद्याखाली येते, तेही समजावून द्या. भाडेकरू आणि सहहिस्सेदार यांनाही सोबत घ्या; एका भावाच्या संमतीवर केलेली पाहणी दुसरा भाऊ मध्येच थांबवतो.

प्रस्ताव नगररचना विभागाकडे गेला की वारसा समितीचा सल्ला, जाहीर सूचना, हरकती आणि सुनावणी असा प्रवास असतो. हरकत बहुतेक वेळा वयावर किंवा ‘इमारत पडायला आली आहे’ यावर येते. तेव्हा टप्प्यांचा तक्ता, पुराव्याचे फोटो आणि अवस्थेचे स्वतंत्र प्रकरण समितीपुढे ठेवा. पाहणी उन्हाळ्यात झाली असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा जाऊन ओलीच्या खुणा नकाशावर भरा आणि तारीख टाका.