क्लास २ मेडिकलमध्ये बीपी अडलं तेव्हा

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर विमान चालवायला शिकायची सोय झाली आणि आमच्या खानापूर भागातल्या पोरांनाही वाटायला लागलं, आपण का नाही? पण आधी डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, क्लास २ मेडिकल (शिकाऊ पायलटची तब्येत तपासणी), तेही त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडून. मला धास्ती होती चष्म्याची. चष्म्यासह नजर नीट भरली, विषय संपला. अडलं बीपीवर. १४०/९० च्या वर! शेरा पडला, तात्पुरते अनफिट.

घरच्या मशीनवर मात्र आकडे सरळ. म्हणून बेळगावच्या फिजिशियननी २४ तासांचं बीपी मॉनिटर लावलं. दंडावरचा पट्टा दिवसभर थोड्या थोड्या वेळानं फुगतो, रात्री झोपेतसुद्धा. आई म्हणाली, "हे काय भूत घेऊन आलास रे?" सरासरी नॉर्मल निघाली, डॉक्टरला बघूनच बीपी चढत होतं. तो रिपोर्ट, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), किडनीच्या तपासण्या जोडून फेरतपासणी करून घेतली. झालं काम.

बीपीची गोळी चालू असली म्हणून दार बंद होत नाही, पण प्रत्येक गोळी चालत नाही. आधी विचारा, लपवू तर नकाच. आणि कमर्शियल लायसन्स हवं असेल तर क्लास १, म्हणजे याहून कडक मेडिकल लागतं. लाखांची फी भरण्याआधी ते उरकलेलं बरं. त्यासाठी एक ठिकाण म्हणजे बेंगळुरूचं हवाई दलाचं आयएएम (इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन).