अंडरफ्लोअर हीटिंगमधील स्विचिंग नॉइज कमी करताना स्नबर कुठे लावावा

इंग्लंडमधील आमच्या घरात फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत आणि ते सांभाळणारा कंट्रोलर मी स्वतः जोडलेला आहे. पहिल्या हिवाळ्यात पंप बंद झाला की बैठकीच्या खोलीतील स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येई आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा कंट्रोलर आपोआप रीस्टार्ट होई. त्यावर मिळालेला सल्ला बहुतेक एकच होता: प्रत्येक रिलेवर (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) स्नबर, म्हणजे ठिणगी जिरवणारा छोटा सुटा भाग, लावा. तो सल्ला अर्धवट आहे आणि त्याने माझा एक आठवडा वाया घालवला.

हे काम 230 व्होल्टशी संबंधित आहे. स्परवरून (हीटिंगसाठीच्या भिंतीवरच्या फ्यूज-स्विचवरून) वीज तोडून, टेस्टरने खात्री केल्याशिवाय झाकण उघडू नये. इंग्लंडमध्ये घरगुती विद्युतकामाला बिल्डिंग रेग्युलेशन्सचा ‘पार्ट पी’ लागू होतो; हाताला सवय नसेल तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि हा लेख त्याच्यासमोर ठेवावा.

प्रथम गुन्हेगार शोधावा. बॅटरीवरचा छोटा रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावून मॅनिफोल्डच्या, म्हणजे जिथून प्रत्येक खोलीचे पाइप फुटतात त्या जोडणीच्या, कपाटाजवळ धरावा आणि घरातील कोणाला तरी एकेक थर्मोस्टॅट वर-खाली करायला सांगावे. आमच्याकडे पंप आणि मोटराइज्ड व्हॉल्व्ह बंद होताना रेडिओ जोरात कडाडला. खोल्यांचे अ‍ॅक्चुएटर (प्रत्येक खोलीचे पाणी उघड-बंद करणारे छोटे भाग) बंद होताना जवळपास काहीच ऐकू आले नाही. कारण सरळ आहे: पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात कॉइल असते, कॉइलमधून वाहणारा करंट एकाएकी तोडला की व्होल्टेज उसळते आणि रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये ठिणगी पडते. थर्मल अ‍ॅक्चुएटर मात्र मेण तापवणारा एक छोटा हीटर असतो, त्यामुळे त्याच्यात उसळी मारण्याइतकी साठलेली ऊर्जाच नसते.

रिलेची स्वतःचीही डीसी कॉइल असते; तिची उसळी जिरवायला तिच्यावर 1N4007 डायोड उलटा जोडलेला आहे ना, तेवढे पाहावे. तयार बोर्डांवर तो बहुधा असतोच.

आता स्नबर. 100 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये, एवढाच तो असतो आणि दोन वायरींच्या एकाच डबीत तयार मिळतो. कपॅसिटर एक्स-टू वर्गाचाच, म्हणजे थेट मेन्सवर (230 व्होल्टच्या घरगुती विजेवर) लावण्यासाठी बनवलेला, हवा. ‘400 व्होल्ट डीसी’ लिहिलेला साधा कपॅसिटर मेन्सवर लावू नये. तो निकामी होताना शॉर्ट होऊ शकतो आणि मग कपाटात आगीचा धोका असतो.

मी अडखळलो तो स्नबर कुठे लावायचा या प्रश्नावर. सल्ल्याप्रमाणे मी आठही रिलेंच्या कॉन्टॅक्टवर स्नबर लावले. आवाज गेला, पण पाहुण्यांच्या खोलीची फरशी थर्मोस्टॅट बंद असताना रात्रभर ऊबदार राहू लागली. मी आधी व्हॉल्व्ह अडकला असेल म्हणून अ‍ॅक्चुएटर बदलला, नंतर थर्मोस्टॅट बदलला, आणि शेवटी कागद-पेन्सिल घेतली. 50 हर्ट्झला 0.1 मायक्रोफॅरडचा अडथळा साधारण 32 हजार ओहम होतो, म्हणजे कॉन्टॅक्ट उघडा असतानाही स्नबरमधून 7 मिलीअँपिअरपर्यंत करंट वाहू शकतो. पंपाला त्याचे काहीच वाटत नाही. पण 1 वॅटच्या अ‍ॅक्चुएटरला पूर्ण उघडे राहायलाच सुमारे 4.3 मिलीअँपिअर लागतात. ढोबळ हिशेबाने, कॉन्टॅक्ट उघडा असतानाही त्याला पाऊण वॅटच्या आसपास मिळत होते. मेण थंड होणार कसे?

म्हणून माझा नियम असा आहे. स्नबर कॉन्टॅक्टवर न लावता लोडवर लावावा, म्हणजे पंपाच्या किंवा मोटराइज्ड व्हॉल्व्हच्या फेज आणि न्यूट्रल टर्मिनलवर, शक्य तितक्या आखूड वायरींनी. अशा जोडणीत रिले उघडला की कॉइलमधील ऊर्जा त्याच स्नबरच्या रेझिस्टरमध्ये जिरते आणि बंद अवस्थेतील गळती उरत नाही. अ‍ॅक्चुएटरच्या रिलेंना स्नबर लावूच नये. सॉलिड स्टेट रिले सुचवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे, कारण त्यांपैकी अनेकांच्या पोटात स्नबर आधीच असतो आणि तीच गळती तिथेही होते.

एक अपवाद नव्या पंपांचा. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतो आणि सुरू होताना त्याचे कपॅसिटर करंटचा मोठा झटका ओढतात. हा आवाज बंद होताना नसून चालू होताना येतो आणि स्नबर त्यावर निरुपयोगी असतो. तिथे सिल्व्हर टिन ऑक्साइड कॉन्टॅक्टचा, झटका सोसणारा रिले घ्यावा, नाहीतर कॉन्टॅक्ट एक दिवस चिकटून बसतात.

सेन्सरच्या वायरी मेन्सच्या वायरींपासून किमान एक वीत दूर न्याव्यात आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. फेराइटची कडी (केबलभोवती बसवायची, नॉइज अडवणारी चुंबकीय कडी) सगळ्यात शेवटी, कंट्रोलरच्या पॉवर केबलवर; ठिणगी तशीच ठेवून नुसती कडी अडकवणे म्हणजे गळका नळ सोडून फरशी पुसत बसणे.

सगळे जोडल्यावर रेडिओ घेऊन पुन्हा तीच फेरी मारावी. त्यानंतर सगळे थर्मोस्टॅट बंद करून पंधरा मिनिटे थांबावे आणि टॉर्च घेऊन प्रत्येक अ‍ॅक्चुएटरची उघड-बंद दाखवणारी खूण पाहावी. एखादी जरी अर्धवट वर राहिलेली दिसली, तर त्या रिलेवरचा स्नबर काढायचा बहुधा राहून गेला आहे.