नव्या घरात घडी बसवताना

गिरगावातल्या चाळीतून आम्ही बदलापूरला राहायला आलो आणि घरातली माणसं एकमेकांना भेटेनाशी झाली. हे लोकलने रात्री उशिरा परतायचे, तोवर लेक झोपलेली. सासूबाई दिवसभर गप्प. चाळीत दार सताड उघडं, येता-जाता कुणीतरी डोकावायचं. इथे मजल्यावरची सगळी दारं बंद.

रात्रीचं एकत्र जेवण जमणार नव्हतं, म्हणून मी सकाळ धरली. पावणेसहाला चहा, सगळ्यांनी मिळून. लेकीची वेणी तिचे बाबा घालतात आणि शाळेतल्या गोष्टी तेव्हाच ऐकतात. ती वेळ मी कशासाठीही मोडू देत नाही.

मग संक्रांतीला हळदीकुंकू ठेवलं. 'सवाष्णीच कशाला, सगळ्याच या,' हे सासूबाईंनी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. आता शेजारच्या आजी दुपारी भाजी निवडायला आमच्याकडेच येतात.

कागदपत्रं रविवारी एकत्र बसून उरकली. आधी यांच्या आधारवरचा पत्ता बदलला, मग आमचा कुटुंबप्रमुखाच्या संमतीने, ऑनलाइन. नातं दाखवणारा कागद लागतो, रेशनकार्ड चालतं. कुटुंबप्रमुखाने 30 दिवसांत संमती दिली नाही तर अर्ज बाद होतो, तेव्हा लगेच द्या. मतदारयादीतला पत्ता बदलायला 8 नंबरचा फॉर्म. गॅससाठी गाव सोडण्यापूर्वीच सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जुनं कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्या. नव्या एजन्सीत तेच मागतात.