मजकूर सोपा करताय? या चुका टाळा

‘आजोबांच्या घरासमोरच्या अंगणात मांजर बसली.’ दुसरीतलं पोरही हे वाचेल. पण मजकूर वाचायला किती सोपा हे मोजणाऱ्या रुडॉल्फ फ्लेश यांच्या सूत्रात हे वाक्य घालून पाहा : गुण येतात उणे ६९. आणि त्या मापात साध्या मजकुराला ६० ते ७० मिळायला हवेत!

सूत्र १९४८चं, इंग्रजीसाठी बांधलेलं. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे तुकडे किती, एवढंच ते मोजतं. आपल्याकडे ‘समोर’ आणि ‘च्या’ घरालाच चिकटतात, म्हणून शब्द कमी आणि लांब. तुकड्यांऐवजी लिहिलेली अक्षरं मोजलीत, तर आणखी घोळ. ‘मांजर’ लिहिताना तीन, बोलताना दोनच. गुण घसरून उणे १३७. तेव्हा असं मोजमाप करायचंच तर आपल्याच मजकुराचा जुना आणि नवा मसुदा ताडून पाहण्यापुरतं करा.

आखूड शब्द सोपाच असतो, असंही नाही. ‘पृच्छा’ हा ‘विचारणे’पेक्षा आखूड आहे, पण अडखळायला होतं तिथेच.

गुण वाढावेत म्हणून वाक्यं तोडणं ही त्याहून वाईट खोड. ‘अर्ज उशिरा आल्यामुळे पैसे मिळाले नाहीत’ याचं ‘अर्ज उशिरा आला. पैसे मिळाले नाहीत.’ केलं की सूत्र खूश, पण कारण गायब.

मराठीची खरी अडचण सूत्राला दिसतच नाही. ‘अतिवृष्टीमुळे नुकसान झालेल्या व ई-पीक पाहणीत नोंद असलेल्या शेतकऱ्यांना…’ इथे ‘शेतकरी’ येईपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि क्रियापद अजून लांबच! आधी माणूस आणा : ‘ज्या शेतकऱ्यांचं अतिवृष्टीमुळे नुकसान झालं आणि ज्यांच्या पिकाची ई-पीक पाहणीत नोंद आहे, त्यांना…’ शब्द वाढले. वाढू देत.

तपासायला माणूसच हवा, आणि तो शेजारच्या टेबलावरचा सहकारी नको. त्याला विषय आधीच पाठ असतो. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली गाळलेल्या जागांची चाचणी मला जास्त भरवशाची वाटते. दर पाचवा शब्द गाळायचा आणि ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला भरायला सांगायचं. मूळ पद्धतीत हुबेहूब तोच शब्द लागतो. मराठीत मात्र शब्दाबरोबर प्रत्ययही गळतो, म्हणून मी ‘शेतकऱ्यांना’च्या जागी ‘कास्तकारांना’ चालवून घेतो. ‘शेतकऱ्यांनी’ आलं, तर कोणी कोणाला हेच कळलेलं नसतं, म्हणून ते वाक्य पुन्हा लिहायला घेतो.