न्यूक्लिअर पोअरचं प्रथिन बघायचं कसं?

न्यूक्लिअर पोअर म्हणजे पेशीकेंद्रकाच्या आवरणातलं ये-जा करायचं दार. स्क्रीनवर आख्खं पोअर एकदम उघडू नका; सुमारे ३० प्रकारची प्रथिनं आणि त्यांच्या शेकडो प्रती, डोळे फिरतात. मी विद्यार्थ्यांना आधी त्यातलं फक्त एक प्रथिन देते, नप९८ (Nup98).

अल्फाफोल्डच्या (प्रथिनांच्या आकाराचं भाकीत करणाऱ्या एआयच्या) संग्रहात माणसाचं नप९८ शोधा. समोर येते ती नप९८-नप९६ अशी जोडसाखळी; पेशीत ती स्वतःच मधे तुटते. आता रंग वाचा. गडद निळा भाग खात्रीचा, नीट घडी पडलेला. सुरुवातीकडचा नारिंगी, शेवयांसारखा पसारा दिसला की मॉडेल फसलं म्हणून तो लपवू नका! त्याला ठरलेला आकारच नसतो. त्या भागाच्या अमिनो आम्लांच्या क्रमात फेनिलअ‍ॅलनीन-ग्लायसीनच्या जोड्या रंगवा. मालवाहू प्रथिनं त्यांनाच अलगद चिकटत-सुटत पलीकडे जातात. मला तरी संपूर्ण पोअरमध्ये याहून सुंदर काही वाटत नाही.

मग वाय-संकुल (पोअरमधल्या प्रथिनांचा Y आकाराचा गट) बघा, आणि शेवटी अष्टसममितीचं, म्हणजे आठ सारख्या भागांचं, पूर्ण कडं.