निकेल-लोहाचा अ‍ॅनोड: बनवणे सोपे, मोजणे अवघड

विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, पण प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त द्यावे लागतात. या जादा व्होल्टेजचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूला खर्च होतो, कारण ऑक्सिजनच्या एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. त्यामुळे सुधारणा करायची तर आधी अ‍ॅनोडकडे, म्हणजे ऑक्सिजन सुटतो त्या इलेक्ट्रोडकडे बघा. अल्कलीमध्ये निकेल-लोह हायड्रॉक्साइड हा उत्प्रेरक यासाठी उत्तम, महागड्या इरिडियमची गरज पडत नाही.

निकेल फोमचा (स्पंजसारख्या सच्छिद्र निकेलचा) तुकडा ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून १० मिनिटे अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा, म्हणजे वरचा ऑक्साइड निघतो. मग इथेनॉल आणि पाण्याने धुवा. १०० मिली डिआयनाइज्ड पाण्यात ८७ मिग्रॅ निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि १२१ मिग्रॅ फेरिक नायट्रेट नोनाहायड्रेट विरघळवा. दोन्ही ३ मिलीमोलर होतात. द्रावण ताजेच वापरा, ठेवले की लोहाचा तांबूस गाळ बसू लागतो.

या द्रावणात फोमला कॅथोड (ऋण इलेक्ट्रोड) करून सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्याच्या) तुलनेत उणे १.० व्होल्टवर ३०० सेकंद ठेवा. नायट्रेटचे क्षपण होताना (ते इलेक्ट्रॉन घेते तेव्हा) फोमलगतचा पीएच चढतो आणि दोन्ही धातूंचे हायड्रॉक्साइड तिथेच जमते. जास्त वेळ दिला तर थर जाड होतो, सुकताना तडकतो आणि पुढे बुडबुड्यांबरोबर त्याचे पापुद्रे सुटतात.

खरी गडबड मोजणीत होते. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये संदर्भ इलेक्ट्रोड मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा घ्या, आणि आरएचई (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड) मापनश्रेणीसाठी वाचनात सुमारे ०.९२ व्होल्ट मिळवा. व्होल्टेज-प्रवाहाच्या आलेखावर १.४ व्होल्टच्या आसपास दिसणारा उंचवटा निकेलच्या ऑक्सिडीकरणाचा असतो, त्याला ऑक्सिजन समजू नका. उलट दिशेचा स्कॅन घ्या, म्हणजे व्होल्टेज वरून खाली आणत प्रवाह मोजा, किंवा प्रवाह स्थिर ठेवून व्होल्टेज नोंदवा. द्रावणाचा रोध १ ओहम असेल तर १०० मिलीअ‍ॅम्पिअरला १०० मिलीव्होल्ट त्यातच जातात. हे व्होल्टेज वाचनातून वजा करतात; ही वजावट किती केली ते आलेखावर लिहाच.

बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये लोहाचा अंश असतो आणि तो साध्या निकेललाही सक्रिय करतो. म्हणून लोह न घातलेला फोम त्याच द्रावणात तपासल्याशिवाय तुलना पक्की मानू नका. काच अल्कलीत झिजते, तेव्हा सेल टेफ्लॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा ठेवा. हायड्रोजनच्या बाजूचा उत्प्रेरक तपासताना समोरचा (दुसरा) इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा लावू नका; ते विरघळून नमुन्यावर बसते आणि आकडे फुगतात. तिथे ग्रॅफाइटची कांडी लावा.